पिकअपची फायनल किंमत

पिकअप शेवटी समोरच्या ग्रंथपालकाकांनी घेतली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कपाटवाल्याच्या घरात गेले आठ दिवस ते कुणी उच्चारलेलं नाही, आणि त्याच्या दारासमोर जी पांढरीशुभ्र पिकअप उभी असते ती तिथे नसते. रोज सकाळी तो तिला वळसा घालून कारखान्यात जातो. नसलेल्या गाडीला वळसा का घालावा लागतो, हे विचारायची हिंमत त्याच्या बायकोनेसुद्धा अजून केलेली नाही. तेव्हा आपणही काहीच घडलं नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

कपाटवाला म्हणजे लाकडी कपाटं बनवणारा. त्याच्या कपाटाचं दार लावताना आवाज होत नसे. आवाज करायचं काम तो स्वतः करी. त्याला राग फार लवकर यायचा आणि फार उशिरा जायचा, मधल्या वेळात तो कपाटं बनवायचा. तर अशा या माणसाला एका मोठ्या शाळेची ऐंशी कपाटांची ऑर्डर मिळाली. वर्षभराचं काम. अट क्रमांक नऊ एवढीच होती, की पुरवठादाराकडे स्वतःच्या मालकीचं मालवाहू वाहन हवं आणि त्याचे कागद येत्या दहा तारखेच्या आत कार्यालयात दाखवायला हवेत.

तो शाळेच्या कार्यालयात गेला. खिडकीत एक बाई शिक्के मारत बसल्या होत्या.

"भाड्याचा टेम्पो चालेल का?"

"मालकीचं."

"भावासारख्या माणसाचा आहे हो."

"मालकीचं."

"बाई, गाडी कोणाची आहे हे कपाटाला कळतं का?"

"कपाटाला नसेल कळत. नियमाला कळतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का असा मारला की कपाटवाल्याला तो आपल्याच कपाळावर बसल्यासारखा वाटला.

आता हे काम सोपं होतं. कर्ज नऊ लाख ऐंशी हजारांपर्यंत मंजूर होतं, शोरूममध्ये गाडीची किंमतही तेवढीच होती. जायचं, सही करायची, गाडी आणायची. दुर्दैवाने त्याच आठवड्यात मेहुणा जेवायला आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आदल्या वर्षी हीच पिकअप घेतली होती. त्याने पहिला घास घेतला, तो सावकाश चावला आणि म्हणाला, "दाजी, मला नऊ वीसला पडली."

"नऊ वीस?"

"तुम्हाला ते नऊ ऐंशी सांगतील. देऊन टाका तुम्ही. उगाच डोक्याला ताप नको. तुमचा स्वभाव पडला भिडस्त."

भिडस्त! तो शब्द कपाटवाल्याच्या दाताखाली खड्यासारखा आला. ज्या माणसाने एकदा गिऱ्हाइकाने "दार जरा वाकडं वाटतंय" म्हटल्यावर ते कपाट त्याच्यासमोर करवतीने कापून दाखवलं होतं, तो भिडस्त?

"नऊ एकोणीस," मेहुणा गेल्यावर तो गरजला. "एक पैसा जरी वर गेला तरी मिशी काढून टाकीन!"

"तुम्हाला मिशी नाहीये," बायको ताटं उचलत म्हणाली.

"आधी ठेवीन. मग काढीन."

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. त्यातला सर्वांत ठाम सल्ला सलूनवाल्याचा होता. सलूनवाल्याने आयुष्यात सायकलखेरीज काही विकत घेतलेलं नव्हतं, पण समोरच्याच्या गळ्यावर वस्तरा असला की आपलं म्हणणं पटतं हे त्याला अनुभवाने माहीत होतं. तो म्हणाला, "चांगले कपडे घालून गेलात की मेलात. कपडे बघून भाव सांगतात ते. आणि दुसरं, उठून निघायचं. ताडकन. मागे वळून बघायचं नाही. दारापर्यंत गेलात की तो हाक मारणार म्हणजे मारणार."

कपाटवाल्याने दोन्ही सल्ले एकदम मानले, हीच चूक झाली. उठून निघण्याची रंगीत तालीम त्याने घरीच केली. जेवणाच्या टेबलावरून तो ताडकन उठला, दाराबाहेर पडला, आणि बायकोने हाक मारायची होती ती तिला फोन आल्यामुळे राहून गेली. तो जिन्यात पाऊण तास बसून होता. हाक आल्याशिवाय परत फिरायचं नाही, हा नियम त्याने तालमीतही मोडला नाही.

मग फेव्हिकॉलचे डाग पडलेली पँट आणि एकच बटण शिल्लक असलेला शर्ट घालून तो शोरूममध्ये गेला. गेटवरच्या माणसाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या बाजूच्या रांगेत उभं केलं. कपाटवाल्याला बरं वाटलं. सलूनवाल्याचा सल्ला लागू पडत होता. रांगेच्या टोकाला एका माणसाने त्याचा फॉर्म भरला. वय किती, लायसन्स आहे का, डोळे तपासले का, घाट चढवता येतो का. गिऱ्हाइकाची इतकी काळजी घेणारी कंपनी त्याने पाहिली नव्हती. मग त्याला पिकअप चालवायला दिली. त्याने ती पुढे नेली, मागे घेतली, दोन पिंपांच्या मधून काढली. उतरल्यावर त्या माणसाने फॉर्मवर बरोबरची खूण केली.

"छान. बावीस हजार."

"महिन्याला?" हप्ता इतका असेल असं समजून कपाटवाल्याने विचारलं.

"महिन्याला."

आकडा ऐकल्याबरोबर तो ताडकन वळला आणि निघाला. दारापर्यंत पोचला नाही तोच मागून हाक आली. "अहो थांबा! चोवीस देतो. याच्या वर नाही. सोमवारपासून या, खाकी शर्ट आम्ही देऊ."

व्यवहारात पैसे आपल्याकडे येतायत, हे लक्षात यायला त्याला अंमळ वेळ लागला. शोरूमची ती ड्रायव्हरभरती होती. सबंध प्रकरणात त्याने यशस्वीपणे केलेली ही एकमेव घासाघीस, आणि तिच्याबद्दल अभिनंदन केल्यास तो आजही अंगावर धावून येतो.

दुसऱ्या खेपेला तो स्वतःच्या लग्नातला कोट घालून गेला. कोट आता पुढून मिटत नव्हता, पण रागाने फुगलेली छाती त्यात शोभत होती. खिशात चौदा मुद्द्यांचा कागद होता. समोर जो विक्रेता बसला होता त्याला आपण हसरा म्हणू, कारण त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतंच. आग लागली असती तरी त्याने त्याच चेहऱ्याने ती कुठल्या रंगात हवी हे विचारलं असतं.

कपाटवाल्याने कागद उघडला, घसा साफ केला आणि पहिलाच मुद्दा असा मांडला: "हे बघा, मला दहा तारखेच्या आत गाडी मिळालीच पाहिजे, पण मला अजिबात घाई नाही."

हसऱ्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि किंमत सांगितली. नऊ ऐंशी. त्यावर रबरी चटई, सीट कव्हर आणि हाताळणी शुल्क वेगळं.

"सीट कव्हर नको."

"ते ऐच्छिक आहे सर. पण काढता येत नाही."

"आणि हाताळणी कसली?"

"गाडी हाताळायची, सर."

"कोण हाताळतं?"

"आम्हीच."

"मग न हाताळता द्या!"

"न हाताळलेली गाडी गेटपर्यंत येणार कशी, सर?"

कपाटवाल्याच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली. तो म्हणाला, "नऊ एकोणीस. फायनल."

"आतल्या साहेबांना विचारून येतो," हसरा म्हणाला आणि काळ्या काचेच्या केबिनमध्ये गेला. येऊन म्हणाला, "साहेब नाही म्हणाले." कपाटवाल्याने पाचवा मुद्दा मांडला. हसरा पुन्हा आत गेला. "साहेबांना वाईट वाटलं, पण नाही म्हणाले." नववा मुद्दा. या वेळी केबिनचं दार नीट लागलं नाही. (दार नीट न लागणं कपाटवाल्याला सहन होत नसे, म्हणून त्याचं तिकडे लक्ष गेलं.) आत एक टेबल होतं, एक खुर्ची होती, पाण्याचं यंत्र होतं, आणि हसरा शांतपणे पाणी पीत उभा होता. साहेब नव्हते. साहेब कधीच नव्हते!

हसरा तोंड पुसत परत आला. "साहेब म्हणाले, यापेक्षा—"

"तहान भागली का साहेबांची?" कपाटवाला ओरडला. सबंध शोरूम वळून पाहायला लागलं. हसऱ्याचं हसू केसभरही हललं नाही. आता एकच उपाय उरला होता. कपाटवाला ताडकन उठला, कोट झटकला, मागे वळून न पाहता समोरचं दार उघडून बाहेर पडला आणि ते त्याने मागे धाडकन लावून घेतलं.

ते स्वच्छतागृह होतं.

आत गेल्या गेल्या बाहेर येणं म्हणजे चूक मान्य करणं. म्हणून तो तिथेच उभा राहिला. हाक येईल, तेव्हाच निघू. पाच मिनिटं गेली. कुणीतरी दार वाजवलं, तर त्याने "किंमत सांगा!" असं विचारलं, ते दुसरंच कुणीतरी होतं, ते घाबरून निघून गेलं. शेवटी तो बाहेर आला तेव्हा हसरा तिथेच बसला होता.

"झालं का सर? साबण होता ना?" मग जरा वाईट वाटल्यासारखं करून तो म्हणाला, "तुम्ही आत असताना विम्याचा नवीन दर आला. आता नऊ ब्याण्णव होतील."

अपमान झालेल्या माणसाची नजर तीक्ष्ण होते म्हणतात ते खोटं नसावं. कारण त्याच क्षणी कपाटवाल्याला हसऱ्याच्या डोक्यामागचा फळा दिसला. त्यावर लिहिलं होतं: महिन्याचं टार्गेट ११, झाल्या १०. आणि त्या दहाकडे मान वळवून पाहताना हसऱ्याचं हसू एका कोपऱ्यात किंचित ढिलं पडलं. महिना संपायला दोन दिवस होते. अकरावी गाडी खपली नाही तर सगळ्यांचा बोनस बुडणार, हे लहान पोरालाही कळलं असतं. म्हणजे शेवटच्या दिवशी संध्याकाळी जो खुर्चीत बसेल, तो सांगेल ती किंमत. फक्त हसरा आधी जरा मऊ व्हायला हवा होता. त्यासाठी एक खोटं गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते म्हणून कपाटवाल्याने निवडलं ग्रंथपालकाकांना.

काका समोरच्या घरात एकटे राहत. छत्तीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलं होतं आणि त्या नादात स्वतःही गप्प बसायला शिकले होते. त्यांच्याकडे एक स्कूटर होती. ती पडेल या भीतीने ते तिच्यावर बसत नसत, तिला शेजारून चालवत नेत.

"काका, एकच वाक्य बोलायचं. 'दुसऱ्या शोरूमला हीच गाडी नऊ लाखाला मिळते, इथे लुटतात.' की उठून निघायचं. मग मी आत जातो."

"मला खोटं बोलता येत नाही रे."

"खोटं नाही काका. वाटाघाटी म्हणतात याला."

"तूच का नाही बोलत?"

"मी बोललो की वाढते!"

हे मात्र काकांना पटलं. त्यांनी वाक्य एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, कोपऱ्यात क्रमांक टाकला, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ते कार्ड घरी टेबलावर विसरून ते शोरूममध्ये जाऊन बसले.

कपाटवाला रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात दबा धरून होता. काचेतून त्याला काकांची पाठ आणि हसऱ्याचा चेहरा दिसत होता. आत काय झालं ते नंतर हसऱ्यानेच सांगितलं, तेही डोळे पुसत.

हसरा म्हणाला, नऊ ऐंशी. काका वाक्य आठवत होते, म्हणून गप्प राहिले. फक्त चष्म्यावरून त्यांनी पाहिलं. हीच ती नजर, जिच्यापुढे पोरांनी चोरलेली पुस्तकं आपणहून आणून दिली होती. हसरा म्हणाला, बरं, चटई फुकट. काका गप्प. नऊ साठ. गप्प. हसरा म्हणाला, साहेबांना विचारून येतो. केबिनमध्ये जाऊन, पाणी पिऊन परत आला. काकांनी केबिनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"साहेब नाहीयेत, काका," हसरा म्हणाला. "मीच पाणी पितो."

हाताळणी शुल्क गेलं. सीट कव्हर निघालं. ते काढता येत होतं. नऊ तीस झाले, नऊ दहा झाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, हसऱ्याने कबूल केलं की शाळेत असताना नकाशांच्या पुस्तकातलं एक पान त्यानेच फाडलं होतं. आठ पंच्याण्णव. इथे काकांना अर्धं वाक्य आठवलं. "नऊ लाखाला—" एवढं म्हणून ते थांबले, कारण किंमत आता नऊ लाखांच्या खाली आली होती आणि ते वाक्य बोलणं म्हणजे स्वतःचंच नुकसान करून वर खोटं बोलणं झालं असतं. ते पुन्हा गप्प बसले. हसऱ्याला हे सहन झालं नाही.

"आठ अठ्ठ्याऐंशी! काका, याच्या खाली माझी नोकरी जाईल हो!"

काकांना त्याची फार दया आली. त्यांनी खिशातून पेन काढलं.

कपाटवाल्याला पलीकडून दिसलं ते एवढंच, की सगळं शोरूम टाळ्या वाजवतंय आणि काका हातात पुठ्ठ्याची माणसाएवढी किल्ली धरून बावरलेल्या चेहऱ्याने फोटो काढून घेतायत. तो धावत सुटला. चहाचे पैसे द्यायचे राहिले, काचेच्या दाराला कपाळ आपटलं. दार नको तेव्हा इतकं स्वच्छ का पुसतात, हे एक कोडं आहे.

"काका! हे काय करून ठेवलंत?"

"अरे, वाक्य आठवेना."

"मग उठून यायचं ना!"

"उठणारच होतो. पण तो बोलत होता. कुणी मनापासून बोलत असताना मध्येच कसं उठायचं?"

"पेन्शनच्या पैशातून पिकअप? काय नेणार आहात तुम्ही त्यात?"

काकांनी प्रश्नावर खरोखर विचार केला. "ते अजून ठरवलं नाही," ते म्हणाले.

कपाटवाला हसऱ्याकडे वळला. हसऱ्याचं हसू परत जागेवर आलं होतं. "ती शेवटची होती सर. पुढची तीन आठवड्यांनी. पण ड्रायव्हरची जागा अजून रिकामी आहे."

"माझ्या मेहुण्याला तुम्ही हीच गाडी नऊ वीसला दिलीत! आणि मला—"

"नऊ वीस?" हसऱ्याने वही उघडली, बोट फिरवलं. "हे बघा. मागच्या वर्षी. नऊ ब्याण्णव. दोन चटया घेतल्या त्यांनी, एक आपणहून. फार सज्जन माणूस. म्हणाले, मला घासाघीस जमत नाही, मी जरा भिडस्त आहे."

त्यानंतर शोरूममध्ये बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ग्रंथपालकाकांना ते आवडलं असावं.

कपाटवाला घरी चालत आला. चार किलोमीटर. त्याच्या शेजारून, त्याच वेगाने, पहिल्या गियरमध्ये घोंघावत पिकअप येत होती आणि खिडकीतून काका म्हणत होते, "बस की रे. जागा भरपूर आहे." त्याने मागे वळून पाहिलं नाही. या वेळी हाका मात्र दर शंभर पावलांवर येत होत्या.

बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यामागच्या गाडीकडे पाहिलं. "काकांनी घेतली वाटतं." मग ते वाक्य त्या घरात पुन्हा कधी उच्चारलं गेलं नाही. भावाचा आकडा सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं. त्याने त्यातले दहा हजार माझ्याकडूनच नेले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना."

काका गाडी विकायला तयार नव्हते. त्यांना तिचा उपयोग सापडला होता. संध्याकाळी ते काचा वर करून आत पुस्तक वाचत बसत. "छत्तीस वर्षांत असा शांत कक्ष मिळाला नव्हता रे," ते म्हणाले. "तुझी कपाटं मी नेतो की शाळेत. फुकट नेतो." कपाटवाल्याने दात-ओठ खात ही सूचना शाळेच्या खिडकीत नेली. बाईंनी मान वर न करता विचारलं, "गाडी कोणाच्या मालकीची?" आणि शिक्का हवेतच धरला.

तो संतापून परत आला तर काका दारात उभे. पिकअपच्या मागच्या भागात पुस्तकांसाठी एक कपाट बसवायचं होतं. किती घेशील?

"बारा हजार," कपाटवाला फटकन म्हणाला. या माणसाला एक पैसा सोडायचा नाही, हे त्याने ठरवलंच होतं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. काही बोलले नाहीत.

"लाकूड महाग झालंय, काका."

गप्प.

"बरं, अकरा. साडेदहा. बिजागऱ्या माझ्याकडून." काका नुसते उभे होते, बिचारे बहुधा कपाटाला कुलूप हवं की नको याचा विचार करत होते. कपाटवाल्याच्या कपाळावर घाम आला. "नऊ! आठ! आठ हजार, काका, आणि पॉलिश फुकट, पण असं बघू नका हो!"

त्या कपाटाचं दारही आवाज न करता लागतं. त्यात त्याला पदरचे दीड हजार घालावे लागले. आठ तारखेला, दोन दिवस हातात असताना, त्याने कारखान्यात बसून, पेन्सिल दोनदा मोडून, खालील अर्ज लिहिला आणि खिडकीतून आत सरकवला. बाईंनी त्यावर पोच म्हणून शिक्का मारला. तो अर्ज अजून त्याच टेबलावर आहे.

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख यांसी

विषय: शेजाऱ्याचे वाहन अर्जदाराच्या मालकीचे समजण्याबाबत.

महोदय,

अट क्रमांक नऊनुसार विनंती करण्यात येते की, माझ्या दारासमोर उभी असलेली (मी ती पाहिलेली नाही) पांढरी पिकअप माझ्या मालकीची समजण्यात यावी. तिची किंमत उतरवण्याची योजना सर्वस्वी माझी होती. शेजाऱ्याने त्यात एक शब्दही उच्चारलेला नाही, याला सबंध शोरूम साक्षीदार आहे.

वाहन माझ्या मालकीचे समजणे नियमात बसत नसल्यास समोर राहणारे निवृत्त ग्रंथपाल माझ्या मालकीचे समजण्यात यावेत, म्हणजे वाहन ओघानेच येईल. त्यांची हरकत असल्यास ते बोलून दाखवतील.

वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास ऐंशी कपाटांची ऑर्डर खुशाल दुसऱ्याला द्यावी. मात्र माझ्या मेहुण्याने पिकअप नऊ लाख ब्याण्णव हजारांस घेतली व तो भिडस्त आहे, असा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी तीन प्रतींत मिळावा. पैकी एक प्रत तो पुढच्या खेपेस जेवायला येईल तेव्हा, पहिला घास घेण्यापूर्वी, आपल्या शिपायामार्फत त्याच्या ताटाशेजारी ठेवण्याची व्यवस्था व्हावी.

कळावे.

आपला,
कपाटवाला
(भिडस्त नसलेला)